जुनापाणीची शिलावर्तुळे

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने हात वर करून विचारले, "सर, आपल्या जुईनगरात सर्वांत जुने असे काय आहे?" प्रश्न साधा होता, परंतु मला चटकन उत्तर देता आले नाही. सिडकोची स्थापना १९७० सालची. खाडी ओलांडून रेल्वे वाशीस आली १९९२ साली, आणि त्यानंतर आपल्या दारावरून पनवेलकडे गेली. इमारती तर आमच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. त्यापूर्वीची जुई, शिरवणे, सानपाडा, नेरूळ ही गावे मात्र होतीच. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर त्यांचा संसार चालत असे. "गावठाणातील एखाद्या आजीबाईंस जाऊन विचार," असे सांगून मी वेळ मारून नेली. वर्ग हसला, तास संपला. पण प्रश्न माझ्यामागे घरापर्यंत आला. जेथे शिलालेख नाही, देऊळ नाही, पडकी भिंतही नाही, तेथे जुनेपण ओळखावे तरी कशावरून?

दिवाळीच्या सुट्टीत नागपुरास जाण्याचा योग आला, तेव्हा हा प्रश्न बरोबर घेऊनच मी निघालो. ठाण्यास रात्रीची गाडी पकडली आणि आठशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून सकाळी नागपुरास उतरलो. नागपूरच्या परिसरात अशा काही कबरी आहेत की ज्यांच्यावर एक अक्षरही नाही, तरी ज्यांचे वय अडीच हजार वर्षांहून अधिक आहे. त्या मला पाहावयाच्या होत्या. दुसरेही एक कारण होते. सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी एक परदेशी मिशनरी याच कबरी पाहावयास गेले आणि परत आले नाहीत. त्यांचे नाव मी विद्यार्थी असल्यापासून ऐकत होतो. ते जे पाहावयास गेले ते काय होते, हे आपणही एकदा पाहावे अशी फार दिवसांची इच्छा होती.

नागपुराहून काटोलच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले म्हणजे जुनापाणी लागते. माझ्यासारख्या मुंबईकडच्या मनुष्यास प्राचीन स्थळ म्हटले की वेरूळ, कार्ले किंवा निदान घारापुरी डोळ्यांपुढे येते. तशा अपेक्षेने येथे जाणाऱ्याची निराशा ठरलेली. समोर माळरान, पावसाळ्यानंतर वाळत चाललेले गुडघाभर गवत, अधूनमधून पळसाची झुडपे आणि गवतात इकडे तिकडे पडलेले काळे धोंडे. मी एका वर्तुळाच्या मधून चालत पलीकडे गेलो तरी मला ते वर्तुळ असल्याचे कळले नाही! जवळच गुरे चारीत असलेला एक पोक्त गृहस्थ माझी गंमत पाहत होता. तो म्हणाला, "मास्तर, हे गोटे असेच नाही पडले जी. मांडले आहेत कोणी." विदर्भात दगडास गोटा म्हणतात. मी शिक्षक आहे हे त्याने कशावरून ताडले कोण जाणे; बहुधा हातातील छत्रीवरून असावे.

त्याने काठीने दाखविले त्या दिशेने पाहिल्यावर मात्र डोळ्यांवरचा पडदा दूर झाल्यासारखे झाले. एक धोंडा, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, असे करता करता रेषा वळत वळत पुन्हा पहिल्या धोंड्यापाशी आली. मध्ये जमीन किंचित फुगलेली, उलट्या ताटासारखी. त्या वर्तुळापलीकडे दुसरे, त्यापलीकडे तिसरे. लहान वर्तुळे आठ-दहा मीटर व्यासाची, मोठी वीस मीटरांच्याही पुढची. एकट्या जुनापाणीत अशी सुमारे तीनशे वर्तुळे नोंदली गेली आहेत. नुसते नागपूर जिल्ह्याचे नाव घेतले तरी माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड, हिंगणा अशी अनेक गावे या मालिकेत येतात. विद्वान लोक यांस महाश्मयुगीन किंवा बृहत्पाषाणयुगीन दफने म्हणतात. नाव अवजड आहे. अर्थ इतकाच, की मोठमोठे दगड वापरून केलेली कबर.

ही कबर कशी रचीत, हे खोदकामावरून बरेचसे समजले आहे. प्रथम जागा निवडून मृताच्या अस्थी, आणि त्यांजबरोबर मातीची भांडी, लोखंडी हत्यारे, तांब्याचे जिन्नस, मणी वगैरे जमिनीवर अथवा उथळ खड्ड्यात मांडीत. त्यावर माती आणि दगडगोटे यांचा थर घालून उंचवटा करीत, आणि भोवती मोठे धोंडे वर्तुळाकार बसवीत. हे धोंडे एकट्या-दुकट्या माणसास हलणारे नव्हेत. ते हलवावयास दहा-वीस माणसे, दोर, लाकडी ओंडके आणि मुख्य म्हणजे सर्वांची एकवाक्यता लागते. पेरणीच्या किंवा गुरांच्या दिवसांत दहा-वीस माणसांनी आपले काम टाकून एका मृतासाठी दगड ओढावे, ही गोष्ट लहान नव्हे. ज्यांच्या कबरी इतक्या कष्टाच्या, ते समाजातील मोठे लोक असले पाहिजेत, असे म्हणतात ते याच कारणाने. सर्वांनाच असा मान मिळत नसणार.

१८७९ साली जे. एच. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उकरून त्यांची हकीकत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केली. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे या माळाकडे फारसे कोणी नीट लक्ष दिले नाही. १९६१-६२ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी येथील तीन वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने खोदली. पुढे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथे १९६८ पासून १९८० पर्यंत जी उत्खनने केली, त्यांमुळे या मुक्या लोकांस थोडीफार वाचा फुटली.

काय सापडले? विद्यार्थ्यांस सोने-नाणे ऐकावयाची हौस असते, म्हणून आधीच सांगतो की सोन्याचे दागिने फारच थोडे. खरे धन लोखंडाचे आहे. कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या, खंजीर, बाणांची टोके, कढया, पळ्या, नखे काढावयाच्या लहान नखण्यासुद्धा. कुऱ्हाडीचे एक वैशिष्ट्य मला फार आवडले. आपल्या कुऱ्हाडीस दांडा बसविण्यासाठी भोक असते. त्यांच्या कुऱ्हाडीचे पाते सपाट, आणि ते दांड्याशी आवळून धरण्यासाठी आडव्या लोखंडी पट्ट्यांचे बंध. म्हणजे प्रश्न आपलाच, पण उत्तर त्यांचे स्वतःचे. हे लोखंड त्यांनी कोठून आणले, याचे उत्तर नायकुंडने दिले. पेंच नदीकाठच्या त्या गावी लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ती बाकदार विटांची होती. भात्याचा वारा आत सोडणारी मातीची नळी आणि लोखंडाची मळीही तेथे मिळाली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस अंदाज यावा म्हणून सांगतो, तिकडे यरुशलेमेत यिर्मया संदेष्टा लोकांस बजावीत होता, त्याच्या आसपासच्या काळात इकडे पेंचेच्या काठी कोणी लोहार भाता फुंकीत होता.

दुसरी लक्षात राहण्याजोगी गोष्ट म्हणजे घोडा. जुनापाणी, खापा, माहुरझरी, नायकुंड येथील कबरींत माणसाबरोबर घोड्याच्या अस्थी मिळाल्या आहेत. लगामाच्या लोखंडी कड्या मिळाल्या, आणि माहुरझरीस तर घोड्याच्या तोंडावर घालावयाचा तांब्याच्या पत्र्याचा साजही मिळाला. काही हाडांवर शस्त्राच्या खुणा आहेत. त्यावरून, धनी मेला म्हणजे त्याच्या घोड्यास मारून त्याच्याबरोबर पुरीत असावेत, असे अनुमान केले जाते. वर्गात हे सांगितले तेव्हा मुली हळहळल्या आणि एक मुलगा म्हणाला, "घोड्याचा काय दोष?" खरेच, काय दोष? परंतु त्याच तांब्याच्या साजाकडे पाहिले म्हणजे हेही दिसते, की त्या घोड्यास कोणी तरी सणाच्या दिवशी नटवीत होते. प्रीती आणि क्रौर्य ही एका घरात नांदू शकतात, एवढे इतिहास वाचणाऱ्यास लवकरच कळून येते.

भांडी बहुतेक काळ्या-तांबड्या रंगाची, आत काळी व बाहेर काठाखाली तांबडी. काही ठिकाणी तांब्याची झाकणे मिळाली, आणि त्यांच्या माथ्यावर धरावयाच्या मुठीच्या जागी छोटे पक्षी बसविलेले आहेत. झाकण उचलावयास पक्षी कशास हवा? नुसती गोळी चालली असती. पण कासारास वाटले, पक्षी असावा. जुनापाणीच्या त्या सपाट, उदास माळावर उभा असता मला त्या अनामिक कासाराचा हात जणू काही ओळखीचा वाटला.

आता ज्यांचा उल्लेख आरंभी केला त्या प्रवाशाकडे वळतो. रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडातील डन्स या गावी झाला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे ते १८४४ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, १८४५ साली नागपुरास पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. आज नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय म्हणून जे प्रसिद्ध आहे ते त्यांचेच नाव धारण करते. त्याची स्थापना त्यांच्या मागे १८८३ साली झाली. शाळा, उपदेश आणि मंडळीचे काम सांभाळून या गृहस्थांनी नागपूरच्या आसपासचे दगड, जीवाश्म, झाडे आणि माणसे यांचा जो अभ्यास केला तो थक्क करणारा आहे. एका खनिजास त्यांच्यावरून हिस्लॉपाइट असे नाव पडले. गोंड लोकांची भाषा, चालीरीती व गीते त्यांनी टिपून ठेवली. ते कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापविले. ज्या काळी बहुतेक गोरे लोक रानातील माणसांकडे शिकारीचे वाटाडे म्हणून पाहत, त्या काळी हे त्यांच्या शेजारी बसून शब्द विचारीत, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व शोधांहून मोठी वाटते.

१८६३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ४ तारखेस हिस्लॉप हे मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी टेंपल यांजबरोबर टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहावयास गेले. त्याच फेरीत त्यांस एका शाळेची तपासणीही करावयाची होती, म्हणून ते बरोबरच्या मंडळींच्या मागे राहिले. संध्याकाळनंतर घोड्यावरून एकटेच परतत असता पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. वयाची ४६ वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते. इतर सर्व तपशील विसरला तरी चालेल, पण माझ्या व्यवसायातील मनुष्य हे विसरू शकत नाही, की त्यांस उशीर झाला तो शाळेमुळे.

दुसऱ्या दिवशी मी टाकळघाटासही गेलो. नागपूरच्या दक्षिणेस, बुटीबोरीच्या बाजूस हे गाव आहे. बुटीबोरीस आता मोठी औद्योगिक वसाहत झाली असून रस्त्यावर मालमोटारींची रांग असते. मी पोहोचलो तेव्हा ओढ्यास घोट्याएवढे पाणी होते आणि दोन मुली दगडांवरून उड्या मारीत शाळेत चालल्या होत्या.

हिस्लॉपांच्या पिढीने या वर्तुळांविषयी काय विचार केला, हे पाहण्यासारखे आहे. परमुलखात फिरणारा मनुष्य जे नवे पाहतो त्यात प्रथम आपल्या देशाची आठवण शोधतो. स्कॉटलंडातही अशी दगडी वर्तुळे आहेत. इन्व्हर्नेसजवळ क्लाव्हा येथे धोंड्यांनी वेढलेल्या कबरी आहेत, आणि त्यांतील काही दगडांवर लहान वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. जुनापाणीच्या काही धोंड्यांवरही अगदी तसेच खळगे ओळीने दिसतात. मग या साहेब लोकांस वाटले, की दोन्हीकडची माणसे एकाच वंशाची असली पाहिजेत. कर्नल मेडोज टेलर यांनी दक्षिणेतील अशा कबरींस केल्टिक, ड्रूइडी किंवा सिथियन ठरविले. मध्य आशियातून घोडेस्वारांच्या टोळ्या आल्या आणि त्यांनी ही वर्तुळे मांडली, असा तर्क त्या काळी फार प्रिय होता. क्लाव्हाच्या कबरी नागपूरच्या वर्तुळांहून हजार वर्षांनी जुन्या आहेत, हे त्या वेळी कोणास ठाऊक असणार? सेंद्रिय पदार्थातील कार्बनावरून काळ मोजण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या मध्यास निघाली.

याच वेळी आसपासचे शेतकरी काय सांगत होते? ते म्हणत, ही गवळ्यांची कामे. फार पूर्वी येथे गवळ्यांचे राज्य होते. साहेबांनी ही दंतकथा म्हणून टिपून घेतली आणि पुढे गेले. आता गंमत पाहा. देव आणि त्यांच्यानंतरचे संशोधक असे सांगतात, की या लोकांच्या कबरी पुष्कळ, पण कायम वस्तीची स्थळे त्या मानाने थोडी; तेव्हा त्यांच्यापैकी बरेच लोक गुरे घेऊन हिंडणारे, पशुपालक असावेत. म्हणजे विद्वानांचे सिथियन बाजूस राहिले आणि शेतकऱ्यांचे गवळी सत्याच्या अधिक जवळ निघाले. शेतकऱ्यांस तीन हजार वर्षांपूर्वीचे स्मरण होते, असे मी म्हणत नाही. पण ते त्या माळावर रोज गुरे चारीत होते, आणि त्या माळाचा उपयोग काय होऊ शकतो हे त्यांस ठाऊक होते.

खळग्यांचे कोडे मात्र अद्याप सुटलेले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी खळगे असलेल्या धोंड्यांच्या दिशा मोजल्या, आणि सूर्याच्या उगवत्या जागांशी त्यांचा संबंध असावा, असा विचार मांडला. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. मी एका धोंड्यावरील खळग्यांत बोट घालून पाहिले. आतून ते गुळगुळीत लागतात; घासून घासून केलेले. ज्याने ते केले त्यास काही तरी मोजावयाचे होते, की काही तरी आठवावयाचे होते, की नुसतेच हात चालवावयाचे होते? यहोशवाने यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलवून गिलगाल येथे उभे केले, ते पुढे मुलांनी विचारले असता वडिलांस त्यांचा अर्थ सांगता यावा म्हणून, हे आपण शब्बाथशाळेत शिकतो. गिलगाल या नावाच्या इब्री धातूतही गोल फिरण्याचाच अर्थ आहे. जुनापाणीचे धोंडे शाबूत आहेत. मात्र त्यांचा अर्थ सांगणारे वडील मध्येच कोठे तरी हरवले.

सुट्टीनंतर शाळेच्या पालकसभेत मी ही हकीकत थोडक्यात सांगितली. सभा संपल्यावर एक माता माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण कोणाची कबर उकरायची म्हणजे पाप नव्हे का? आपल्या माणसाची कोणी उकरली तर?" प्रश्न मनापासूनचा होता, आणि त्याचे उत्तर मी त्या वेळी अर्धवटच दिले. येथे ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो.

माझ्या वडिलांस मुंबईतील एका दफनभूमीत मूठमाती दिली. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात कबरीची जागा पुष्कळदा कायमची मिळत नाही. काही वर्षांनी ती उघडून अस्थी काढून घेतात आणि तेथे दुसऱ्या मृतास जागा देतात. हे ज्यांस ठाऊक नाही त्यांस कठोर वाटेल. पण शहरातील ख्रिस्ती कुटुंबांस ते परिचयाचे आहे. आमची पाळी आली त्या सकाळी मी तेथे उभा होतो. खोदणाऱ्याने वरची माती फावड्याने भराभर काढली. मग एका विवक्षित खोलीवर तो थांबला, फावडे बाजूस ठेवून गुडघ्यांवर बसला, आणि पुढची माती त्याने हातांनी काढली. मी त्यास काही सांगितले नव्हते. ते त्याच्या हातास ठाऊक होते. एक एक अस्थी त्याने फडक्यावर ठेविली, माझ्याकडे न पाहता.

पुराणवस्तूंचे शास्त्र जाणणारा मनुष्य नेमके असेच करतो. तोही वरचा थर काढल्यावर कुदळ टाकून लहान सुरी आणि कुंचला घेतो; प्रत्येक भांडे, प्रत्येक हाड जेथे होते तेथेच ठेवून आधी त्याचा नकाशा काढतो, छायाचित्र घेतो, खोली मोजतो. खंजीर छातीशी होता की पायाशी, डोके उत्तरेस होते की दक्षिणेस, घोडा माणसाच्या आधी पुरला की नंतर, हे त्या जागेवरूनच समजते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत अशाच धीराने खोदकाम केले. तेथील लोक विदर्भातील वर्तुळे मांडणाऱ्यांच्याही पूर्वीचे. त्यांची मुले दगावली म्हणजे ते दोन मडकी तोंडास तोंड लावून त्यांत मुलाचा देह ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. ज्या जमिनीवर आई रोज स्वयंपाक करी, त्याच जमिनीखाली तिचे मूल. संशोधकांनी मडकी नुसती उपटून काढली असती, तर ती दोन जुनी मडकी एवढाच अर्थ उरला असता. त्या मातेचे दुःख मडक्यांत नव्हते. ती कोठे ठेवली होती, त्या जागेत होते.

तेव्हा कबर उघडणे हे स्वतः पाप आहे, असे मला वाटत नाही; हात कसा चालतो, यावर ते आहे. गुप्तधनाच्या आशेने रात्री येऊन मधला उंचवटा फोडणारा मनुष्य आणि फडक्यावर अस्थी ठेवणारा मनुष्य यांस एका तागडीत घालता येत नाही. पण त्या मातेच्या शंकेतही तथ्य आहे. उत्खनन उत्तम झाले तरी ती कबर पुन्हा पूर्वीसारखी होत नाही; ते पुस्तक एकदाच वाचता येते. म्हणूनच जुनापाणीसारख्या ठिकाणी पुष्कळ वर्तुळे मुद्दाम न उघडता ठेवावी, अधिक चांगली साधने असलेल्या पुढच्या पिढीने ती पाहावी, हे मला योग्य वाटते.

प्रश्न आहे तो ती तोवर राहतील काय, हा. जुनापाणी, टाकळघाट आणि नागपूर जिल्ह्यातील आणखी काही स्थळे राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित आहेत. १९५८ च्या कायद्याने त्यांस हानी करणे हा गुन्हा आहे. आणि २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, व त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. परंतु ज्यांच्यावर पाटी नाही अशी वर्तुळे शेतांत, पडिकांत, रस्त्याकडेला विखुरलेली आहेत. शेतकऱ्यास बांधासाठी दगड हवा असतो, रस्त्यास मुरूम हवा असतो, वाढत्या शहरास भूखंड हवा असतो. यात कोणाची दुष्टबुद्धी आहे असे नाही. नांगर अडतो म्हणून एक धोंडा बाजूस केला जातो, पुढच्या वर्षी दुसरा. पाचवा धोंडा गेला म्हणजे उरलेल्यांचे वर्तुळ दिसेनासे होते, आणि मग ते माझ्यासारख्या मनुष्यास आधीच दिसले नव्हते तसे कोणासच दिसत नाही. आपण जुईनगरचे लोक ज्या भूमीवर राहतो ती यंत्रांनी सपाट करून, भराव घालून, आखून दिलेली आहे. माझ्या घरास त्याच सपाटीचा लाभ झाला आहे. तेव्हा मी कोणास नावे ठेवीत नाही. परंतु त्या विद्यार्थ्यास मला उत्तर का देता आले नाही, हे जुनापाणीस गेल्यावर समजले.

आपल्या कान्हेरीस जाऊन आलेल्यांस एक तुलना सुचेल. बोरिवलीजवळच्या त्या डोंगरात लेण्यांबरोबरच भिक्षूंच्या अस्थींवर बांधलेल्या विटांच्या लहान स्तूपांची एक ओळ आहे. तेथील दगडांवर स्थविरांची नावे आणि त्यांचे गुण कोरलेले मिळाले, व डॉ. शोभना गोखले यांनी ते लेख वाचून प्रसिद्ध केले. त्या मृतांस आपण नावाने हाक मारू शकतो. नागपुरास तेही नाही. अब्राहामाने कनान देशात परका म्हणून राहत असता पत्नीच्या कबरीसाठी मकपेलाची गुहा चारशे शेकेल रुपे तोलून विकत घेतली. त्या देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन म्हणजे ही कबर. ते दाम, तो विकणारा एफ्रोन हेथी, ते साक्षीदार, सर्व लिहून ठेविलेले आहे. जुनापाणीचा व्यवहार कोणी लिहिला नाही. धोंडे हाच त्यांचा दस्तऐवज, आणि तो उघड्यावर पडलेला आहे. हिस्लॉपही परदेशीच होते, आणि त्यांसही नागपूरच्याच मातीत विसावा मिळाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, चरित्र आहे, खनिज आहे. ज्यांच्या कबरी पाहावयास ते गेले त्यांचे तेवढेही नाही.

ज्या पालकांस मुलांसह तेथे जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. नागपुरात आधी अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय पाहावे; तेही १८६३ सालचेच. माळावर जाताना पायांत बूट असू द्यावे, पाणी बरोबर न्यावे, कारण सावली थोडी. धोंड्यांवर खडूने नावे लिहू नयेत, खापराचा तुकडा दिसला तर उचलून खिशात घालू नये. तो जेथे आहे तेथेच बोलका आहे. आणि दुपारी जाऊ नये. डोक्यावर ऊन असता खळगे मुळीच दिसत नाहीत; धोंडा नुसता धोंडा वाटतो. त्या गुराख्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बोलाविले होते, आणि टाकळघाटास जाण्यापूर्वी मी गेलो. सूर्य नुकताच वर आला होता. ऊन आडवे पडताच आदल्या दिवशी कोऱ्या दिसलेल्या एका धोंड्यावर सावलीचे ठिपके उमटू लागले, एकामागून एक, ओळीने. गुराखी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "आता मोजा," तो म्हणाला. मी मोजू लागलो. आणि मोजून होण्यापूर्वीच ऊन वर चढले.